जेवणानंतरची गोळी

परातीतले हुलगे निम्मेच निवडून झाले होते आणि चांगुणाबाई हातातल्या एका दाण्याशी अडून बसल्या होत्या. हा हुलगा की खडा, हे काही केल्या ठरेना. हुलग्यातला खडा हुलग्याच्याच रंगाचा असतो, ते काही नवीन नाही. पण पूर्वी त्यांची बोटं गप्पा मारता मारता खडा उचलून बाजूला टाकायची. आता डोळ्यांपुढं कुणी दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. दाताखाली धरून बघावं असं क्षणभर मनात आलं, पण गुरुवार होता. उपासाच्या दिवशी कच्चा दाणासुद्धा तोंडात जायचा नाही. त्यांनी तो परत परातीत टाकून दिला.

सून मोनिका आतून आली. "आई, द्या इकडं. मागच्या शेंगोळ्यात ह्यांच्या दाताखाली खडा आला होता."

"एकच आला हुता."

"दातही एकच गेला असता म्हणा." मोनिकानं हसत परात उचलली. "दवाखान्यात जायचंय, बाबा गाडी काढून उभे आहेत. तुम्ही आवरा."

सून चांगली होती, बोलणंही लागट नव्हतं. तरी हातातली परात गेली आणि चांगुणाबाईंचा जीव चडफडला. चाळीस वर्षं ह्या वस्तीवरचं धान्य त्यांनी निवडलं, आणि आता त्यांनी निवडलेलं दुसऱ्यानं पुन्हा निवडायचं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन नगरला व्हायचं होतं आणि दोनदा ते होता होता राहिलं. दोन्ही वेळा पहाटेची एसटी धरून गेल्या, हिरवी पट्टी बांधलेल्या बायकांच्या शेजारी बाकावर बसल्या, आणि दोन्ही वेळा दंडाला पट्टा बांधून नर्सनं मान हलवली. बीपी फार आहे, आधी ते खाली आणा. आता तिसरी तारीख तीन आठवड्यांवर आली होती. ह्या खेपेलाही बीपी उतरलं नाही तर यादीतून नाव काढणार होते. मग नवी नोंद दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर म्हणजे अजून सहा महिने पोथी नातीच्या तोंडून ऐकायची. रोज सकाळी एक अध्याय हा चांगुणाबाईंचा नेम. गेल्या वर्षीपासून अक्षरं दिसेनात तेव्हापासून नात संस्कृती वाचून दाखवायची, ती एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखी एका सुरात, आणि शाळेला उशीर होत असला की मधल्या ओव्या खाऊन. आजीला गाळलेली ओवी तत्काळ कळे. "पाठच आहे तर वाचायला कशाला लावतेस?" असं ती विचारायची. तिला काय सांगणार? पाठ असलं तरी अक्षर डोळ्याला भेटल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही.

चांगुणाबाई कशा होत्या हे सांगायचं तर त्यांच्या उपासांपासूनच सुरुवात करावी लागेल. सोमवार तेवढा त्यांचा स्वतःचा, माहेराहून धरून आणलेला. गुरुवार धरला तो मुलगा अजिनाथ पाच वर्षांचा असताना तापानं फणफणला तेव्हा. तो बरा झाला, उपास राहिला. संकष्टी सासूची. शेवटच्या दुखण्यात सासूनं हात धरून सांगितलं होतं, "माझी चतुर्थी तू चालीव." एकादशी सासऱ्यांची, त्यांच्यामागं घरात कुणीतरी धरायची म्हणून चांगुणाबाईंनी धरली. ह्यातला एकही उपास त्यांनी कधी मोडला नाही. बाळंतपणात नाही, सुगीत नाही.

सांगितलं तसं करायचं, त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही, हा त्यांचा स्वभावच होता. बचत गटाची मीटिंग चारला असं कळलं की त्या चारला समाजमंदिराच्या पायरीवर हजर. बाकीच्या बायका पाचला यायच्या आणि हसायच्या. चांगुणाबाई म्हणायच्या, "चार म्हनलं हुतं, मी चारला आले. यात हसन्यासारखं काय हाय?"

दवाखान्यालाही त्या गुरुवारीच जायच्या, कारण त्या दिवशी त्यांना स्वतःपुरतं जेवण करायचं नसे. मिरजगावात शिरताना त्यांचे मालक श्रीमंतराव गाडीवरून मागं न बघता म्हणाले, "आज तरी शांत बस तिथं. मागल्या टायमाला कंपाऊंडरशी भांडलीस आन् मंग बीपी मोजलं."

"त्यानं माझा नंबर पुढं ढकलला हुता."

"ढकलू द्यायचा. त्यानं काय डोळं फुटत न्हाईत."

"तुमचे न्हाई फुटत."

श्रीमंतरावांनी दवाखान्यापुढं गाडी लावली.

दवाखान्यातल्या बाकावर शेजारी वस्तीवरच्या झुंबरबाई गुडघे चोळत बसल्या होत्या. चांगुणाबाईंच्या सुजलेल्या पावलांकडं बघून त्या म्हणाल्या, "हे त्या गोळ्यांनीच. बंद कर की गं. माझ्या जावेनं बंद केल्या. रोज शेवग्याचा पाला खाती, टुणटुणीत हाय."

"तिला मागल्या म्हैन्यात सलाइन लावलं हुतं ना?"

"ते येगळ्यासाठी."

आत डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचं शंभर. सकाळपासून चाळीस माणसं तपासलेली, एक वाजत आलेला, डॉक्टरांचं लक्ष निम्मं दाराकडं.

"मावशी, गोळ्या रोज घेता ना?"

"नेमानं घेते. येक न्हाई चुकीवली."

"मीठ?"

"कमी क्येलंय."

डॉक्टरांनी उसासा टाकला. पहिली गोळी बदलून दुसरी दिली होती, तिनं पाय सुजले. आता त्यांनी तिसरी लिहिली, जास्त ताकदीची, आणि तिच्या जोडीला आणखी एक.

चांगुणाबाईंना राहवलं नाही. "डॉक्टर, गोळीच लागू पडंना का माझी कायाच अशी हाय? अकरा म्हैने झाले."

"काही जणांना दोन-तीन गोळ्या लागतात. घाबरायचं नाही. पंधरा दिवसांनी दाखवा." आणि त्यांनी घंटी दाबली.

बाहेर येताना चांगुणाबाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. देवाचं सगळं वेळच्या वेळी, डॉक्टरचं सगळं वेळच्या वेळी, तरी आपलंच अडतं. ज्या बाया गोळी घेतात न घेतात, वर लोणच्याची फोड चघळतात, त्यांचे डोळे उघडून मोकळे झाले.

औषधाचं दुकान चार पावलांवर होतं. सहादू गुरुजींची लेक प्रज्ञा फार्मसी शिकून आली होती आणि तिनं दोन वर्षांपूर्वी हे दुकान टाकलं होतं. चांगुणाबाईंनी पिशवीतून जुन्या गोळ्यांची पाकिटं काढून काउंटरवर ठेवली.

"ह्या बदलून घे बाई. डॉक्टरांनी नव्या लिवल्यात."

प्रज्ञानं पाकिटं उलटीपालटी केली. एक आख्खं, एकात एकच गोळी, एक रिकामं. तिनं कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं. "मावशी, काकांनी ह्या गोळ्या मागच्या महिन्यात मंगळवारी नेल्या होत्या. बरोबर तीस दिवस झाले. तीस नेल्या, अकरा उरल्या कशा?"

"त्या उपासाच्या हायेत."

"म्हणजे?"

चांगुणाबाईंना ह्या पोरीच्या शिक्षणाचं जरा नवल वाटलं. त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं. निळ्या पेनानं लिहिलेलं होतं: सकाळी जेवणानंतर एक. नातीनं वाचून दाखवलेलं त्यांना पाठ होतं. "जेवल्यावर घ्यायची ना? ज्या दिशी जेवनच न्हाई त्या दिशी कशी घेनार?"

"पण उपासाला खिचडी खाता की तुम्ही."

"खिचडी म्हंजे फराळ. जेवन न्हवं ते."

"सोमवार तर संध्याकाळी सोडता ना? तेव्हा जेवता."

"जेवते. पन ह्यावर सकाळी लिवलंय."

प्रज्ञा हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं आणि बोटांवर मोजलं. चार सोमवार, चार गुरुवार, दोन एकादश्या, एक चतुर्थी. अकरा. मग दोन्ही हात काउंटरवर टेकून ती हळू म्हणाली, "मावशी, ही गोळी रोज पोटात गेली तरच काम करते. तीन दिवसांत एक दिवस ती बंदच आहे. गोळी लागू पडत नाही असं आपण म्हणतोय, पण लागू पडते का नाही हे अजून कुणाला कळलेलंच नाही. आणि बीपी तुम्ही मोजता गुरुवारी, म्हणजे गोळी न घेतलेल्या दिवशीच."

चांगुणाबाईंनी जुनी पाकिटं तिच्याकडं सरकवली.

"मंग नव्या दे," चांगुणाबाई म्हणाल्या. "ह्या रोज घेते."

"नाही देत. डॉक्टरांना वाटलं जुन्या पुऱ्या पडत नाहीत, म्हणून त्यांनी डोस वाढवला. तो तुम्ही एकदम रोज घ्यायला लागलात आणि बीपी फार खाली गेलं, तर चक्कर येऊन पडाल. आधी त्यांना हे सांगा. मग ते म्हणतील ती देते." तिनं डॉक्टरांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. एक वाजून गेला होता. दवाखान्याला कुलूप लागलं होतं, आता तो पाचलाच उघडणार.

"मंग उपास सोडू व्हय मी?" चांगुणाबाईंचा आवाज चढला. "सासूला जाताना शब्द दिलाय."

"मला उपासातलं कळत नाही मावशी, गोळीतलं कळतं. उपास सोडा असं मी म्हणत नाही. पाण्याबरोबर, फराळावर चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणांना चालते. आजची पण राहिली असेल ना? तेही विचारा."

आता चांगुणाबाईंना राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. "अकरा म्हैने, बाई. दोनदा नगरला जाऊन परत आले. येकानं तरी इचारायचं."

"डॉक्टर विचारतात ना, रोज घेता का?"

"इचारतात. घेते म्हनते. घेतेच की मी." बोलता बोलता त्या थांबल्या. तोंडातून बाहेर पडलेलं त्यांचं त्यांनाच पटेना. एकही चुकवली नाही, हे त्या आजही दवाखान्यात छातीठोक सांगून आल्या होत्या, आणि खोटं तर त्यांनी जन्मात कधी सांगितलं नव्हतं. पायांची सूज, पहाटेच्या एसट्या, परतीच्या वाटेवर पदरानं पुसलेले डोळे. हे सगळं एका निळ्या पेनाच्या ओळीपायी, आणि ती ओळ त्यांनी अक्षरशः पाळली म्हणून.

श्रीमंतराव पायरीवर उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे दोष देवाचा न्हाई, डॉक्टरचा न्हाई, गोळीचा बी न्हाई. मंग आता ऱ्हायलं कोन?"

"तुमी ऱ्हायलात," चांगुणाबाई म्हणाल्या. "रोज ताटावर समोर बसता. कवा दिसलं न्हाई, ही सोमवारी गोळी घेत न्हाई म्हनून?"

"मला वाटायचं रात्री घेत असशील."

"वाटायचं."

प्रज्ञानं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: तीस दिवसांत अकरा गोळ्या घेतलेल्या नाहीत, उपवासाचे दिवस, आज गुरुवार. तिनं कागद पाकिटांभोवती गुंडाळून रबर लावला. चांगुणाबाईंनी तो डोळ्याजवळ नेऊन पाहिला. अक्षरं काळ्या मुंग्यांसारखी एकमेकांत मिसळलेली दिसली. आपल्याच चुकीचा कागद आपल्यालाच वाचता येऊ नये, ह्याचा त्यांना भयंकर संताप आला.

"चल आता," श्रीमंतराव गाडीकडं वळत म्हणाले. "उद्या येऊ. उनाचं कशाला बसायचं?"

"उद्या मी जेवनार, उद्या गोळी घेनार, आन् उद्या बीपी उतरलेलं दिसंल. मंग ते म्हनतील समदं ठीक हाय." चांगुणाबाई दुकानापुढच्या सिमेंटच्या बाकावर पदर सावरून बसल्या. "आजचं आजच सांगायचं. तुमाला जायचं तर जावा, मोनिकाला म्हनावं शेंगोळे करून टाक, माझी वाट बघू नको."

श्रीमंतराव काही गेले नाहीत. जरा वेळानं तेही शेजारी येऊन बसले. पाचला दवाखाना उघडला की पहिला नंबर लावायचा, आणि उरलेल्या अकरा गोळ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या.