इंजिनाचा दिवा

आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. बिघाड असलेलं इंजिन शेडबाहेर काढायचं नाही, हा नियम त्यांनी निवृत्तीनंतर घरच्या गाडीलाही लावला होता. गाडी परदेशी बनावटीची, शिक्रापूरच्या एका कारखान्यातल्या साहेबाकडून जुनी घेतलेली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्या भाऊबीजेला सकाळीच तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

दोष क्षुल्लक होता. गार इंजिन सुरू केलं की धूर स्वच्छ व्हावा म्हणून एक छोटा विजेचा पंप मिनिटभर हवा फुंकतो, तो बंद पडला होता. गाडीचं त्यावाचून काही अडत नव्हतं. अडत होतं ते केंदूरला. तिथं आत्या अंथरुणाला खिळलेली, आणि भावाला ओवाळल्याशिवाय ती जेवणार नव्हती. जेवल्याशिवाय गोळ्या घेता येत नव्हत्या. एसटीनं जावं तर गाड्या बदलत जावं लागे, आणि आप्पांचे गुडघे गेलेले.

"आप्पा, पिवळाच तर हाय. पिवळ्याला तुमच्यात सावकाश जात्यात की."

"त्यो सिग्नल. ह्यो इंजिनाचा दिवा. बोनेट उघड."

फ्यूज शाबूत निघाला. बॅटरीवरून थेट वायर लावली तर पंप घूं करून फिरला. म्हणजे पंपापर्यंत वीजच पोचत नव्हती. त्यात तो चालणार फक्त गार इंजिनावर, त्यामुळे एकदा गाडी सुरू करून तपासलं की इंजिन निवेपर्यंत थांबायचं. आप्पा पायरीवर शांत बसत. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

दुपारी आतेभावाचा फोन आला. "मामांना सांग, आई पाणी बी घेईना."

मी तसंच सांगितलं. "निघालोच म्हणावं," असं म्हणून आप्पा पुन्हा बोनेटखाली वाकले. दोघं एकाच आईची लेकरं. मला दोघांचाही राग आला.

शेवटी पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेपासून पंपाकडे जाणारी वायर उंदरानं कुरतडलेली सापडली. जोडली, टेप गुंडाळली, गाडी सुरू केली. पंप फिरला, पण दिवा विझला नाही. अशा गाड्यांत दुरुस्तीनंतरही तो काही काळ तसाच राहतो, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग किल्ली माझ्या हातात देऊन ते माझ्या पाठीमागच्या सीटवर जाऊन बसले. तिथून डॅशबोर्ड दिसत नाही.

केंदूरला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. आत्याला उशांना टेकवून बसवलं. ताट हातात दिलं, पण तिला ते उचलेना. आप्पांनी तिच्या हातांखाली आपले हात घातले आणि स्वतःला ओवाळून घेतलं.

"उशीर केलास रं," ती म्हणाली. आप्पांनी भाताची वाटी पुढे ओढली. मग तिनं मऊ भाताचे थोडे घास खाल्ले.

पुढच्या भाऊबीजेला गाडीत काही बिघाड नव्हता, पण केंदूरला आत्या नव्हती. सकाळी आप्पांनी ती धुतली, पुसली, सुरू करून पाहिली आणि परत बंद केली.