अक्काचा पूल

पन्नाशीला आलेल्या बाईनं कॉम्प्युटरवर गेम खेळू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मी सोलापुरात शाळेत गणित शिकवते आणि घरी आले की गेम खेळते. तेही लिनक्सवर, कारण माझ्या जुन्या लॅपटॉपला नवं विंडोज झेपत नाही आणि चालतं यंत्र भंगारात घालायला मी तयार नाही.

खेळ एकच. ओसाड बेटावर गाव वसवायचं. ते गाव माझं आणि जेऊरला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. दुपारी ती खेळते, संध्याकाळी मी. तिच्या लग्नाला तीस वर्षं झाली. आता आम्हा दोघींचं मिळून म्हणावं असं एवढंच उरलंय. पण ती आतल्या धान्याच्या खोलीत, दार लोटून खेळायची. दाजींना तो पोरकटपणा वाटायचा.

गेम विकणाऱ्या कंपनीचाच लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारा प्रोग्राम, घे, गाव आपोआप दोन्हीकडे पोचेल, असं सगळ्यांनी सांगितलं. पण तिथं दोघींची दोन खाती, आणि एकीचं गाव दुसरीला उघडेना. मी हट्टानं लोकांनी मिळून बनवलेला फुकटचा लाँचर घेतला. गावाची सेव्ह फाईल दोन्ही लॅपटॉपवर सारखी ठेवणारा, तसाच फुकटचा प्रोग्रामही स्वतः बसवला. नियम साधा ठेवला, जिची तारीख नवी ती फाईल खरी.

मग खंडेनवमी आली. आमचे वडील, अण्णा, त्या दिवशी पाण्याची मोटर खोलून, पुसून, मग पुजायचे. मी अक्काला फोनवर म्हटलं, "लॅपटॉपची बॅटरी काढून पूज, अण्णांसारखं." तिनं तसंच केलं. तिच्या लॅपटॉपमधला घड्याळाचा सेल कधीच मेला होता. बॅटरी निघाली तशी तारीख कित्येक वर्षं मागे गेली, आणि आठवडाभर जेऊरला नेट नव्हतं म्हणून ती सुधारलीही नाही. त्या आठवड्यात अक्कानं आमच्या गावच्या नदीवर पूल बांधला. इकडे मी गाव एकदाच उघडलं, बघितलं, सेव्ह करून बंद केलं. नेट आलं आणि नव्या तारखेच्या माझ्या फाईलनं तिची फाईल पुसली. पूल गेला.

चूक माझीच. मी फोनवर रडले. मागून दाजींचा आवाज आला, "आता तरी सोडा म्हणावं ते येड. फुकटचं असंच असतंय."

लाज वाटली, पण संताप त्याहून जास्त आला. फुकटच्यानं काय केलं होतं? मी सांगितलेलं तंतोतंत ऐकलं होतं. डोळे पुसून मी म्हणाले, "अक्का, मी न्हाय लाँचर बदलणार. फाईल सारखी ठेवणाऱ्या प्रोग्राममधी जुन्या प्रती जपायची सोय हाय, मीच आळसानं लावली नव्हती. आज लावते."



"मग रडतीस कशाला?" अक्का म्हणाली. "पूल कुटं बसतोय ते आता मला ठावं हाय की. दोन दिवसांत उभा करते बघ."

तिनं फोन बंद केला नाही. दार उघडल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा.

"अगं, तो लॅपटॉप हितं बाहेर सोप्यात कशाला आणलास?" दाजी म्हणाले.

"आत अंधार हाय," अक्का म्हणाली. "आता मी हितंच बसणार."