शहीद सविंदर सिंगची बहीण

कोट झंडाच्या गुरुद्वाऱ्यात शहिदांच्या तसबिरींची भिंत आहे. तिथल्या सविंदर सिंगला पट्टी गावच्या पेंटरने केशरी पगडी दिली आहे आणि हातात एक लांब बंदूक. सविंदर आयुष्यभर आकाशी पगडी बांधायचा. खाली लिहिलंय: पोलिसांच्या खोट्या चकमकीत शहीद. पगडीबद्दल त्याच्या बहिणीचं, गुरमेज कौरचं, काही म्हणणं नव्हतं. तिची तक्रार खालच्या ओळीबद्दल होती.

सरकारविरुद्ध बंदूक उचललेल्या पोरांची संघटना सुरू झाली तेव्हा गावाला त्यांचं कौतुक होतं. खाडकू, म्हणजे लढवय्ये, म्हणत त्यांना. घरी येत, जोडे काढून बसत, बेबेला, सविंदरच्या आईला, माताजी म्हणत, मागून मागून सरसोंची भाजी खात. सविंदर त्यांच्याबरोबर गेला तेव्हा बेबेने लपूनछपून नाही, उजळ माथ्याने सांगितलं. मग संघटनेची फर्मानं निघू लागली. वरातीत अकराच माणसं, बायकांनी केशरी ओढण्या घ्यायच्या, रात्री त्यांच्या चाहुलीने भुंकणारी कुत्री मारून टाकायची. गुरमेजचं ठरलेलं लग्न मोडलं. ज्या घरी पोलीस सारखे येतात तिथली मुलगी करायला सासरचे तयार नव्हते. म्होरक्या मारला गेला आणि संघटनेची दोन शकलं झाली. नाव तेच, झेंडा तोच, आणि दोन्ही एकमेकांना सरकारचे दलाल म्हणत. सविंदर एकीकडे राहिला. त्याचा शाळेपासूनचा दोस्त बगीचा सिंग दुसरीकडे.

कापूस वेचणीच्या दिवसांत बगीचाने निरोप धाडला: भांडण मिटवू, तुमच्या शेतात मोटरीच्या खोलीवर ये. सविंदर गेला. गुरमेज दोघांसाठी रोट्या घेऊन बांधावर पोचली तेव्हा गोळ्यांचा आवाज झाला. खोलीतून एकटा बगीचा बाहेर आला, खांद्याला बंदूक. तिला बघून तो थबकला.

"पोलीस होते म्हण," तो म्हणाला. "बेबेसाठी तरी."

तिला खोटं रचावंही लागलं नाही. संध्याकाळी पोलीस आले, प्रेत उचलून घेऊन गेले आणि मोठ्या चकमकीत खतरनाक अतिरेकी ठार केल्याचं जाहीर करून बसले. अधिकाऱ्याला बढती मिळाली, संघटनेला शहीद. सगळ्यांची सोय झाली.

पुढे संघटना संपली. काही मेले, काही परदेशी गेले, बगीचा शरण आला, तुरुंगात राहून परत आला आणि गुरुद्वारा कमिटीचा प्रधान झाला. भिंतीची कल्पना त्याचीच. दर वर्षी शहिदांच्या स्मरणमेळाव्यात तो आपल्या हाताने बेबेच्या गळ्यात मानाचा सिरोपा घालायचा. बेबे ते केशरी कापड वर्षभर उशाशी ठेवायची. पोरगा पंथासाठी गेला, एवढ्यावरच म्हातारी जगत होती. गुरमेज गप्प राहिली.

यंदा बैसाखीनंतर बेबे गेली. मेळाव्याच्या आधी गुरमेज कमिटीच्या खोलीत जाऊन बगीचासमोर बसली आणि ती ओळ पुसायला सांगितलं.

बगीचाने दाढीवरून हात फिरवला. "पुसतो. पण मग त्याला शहीद कोण म्हणेल, मेजो? आपल्याच माणसांनी मारलेला तो गद्दार असतो. तुला गद्दाराची बहीण व्हायचंय?"

"तुला मारेकरी व्हायचं नाही, एवढंच बोल की."

"मी कुठे नाही म्हणतो? वाहेगुरूला सगळं ठाऊक आहे."

"वाहेगुरू भिंतीवर लिहायला येत नाही, प्रधानजी."

तो हसला आणि तिच्यासाठी चहा मागवला. तिने तो घेतला नाही.

मेळाव्याच्या दिवशी बेबेच्या जागी तिचं नाव पुकारलं गेलं. गुरूच्या दरबारातून मिळालेला सिरोपा कोणी नाकारत नाही. तिनेही मान वाकवली. बगीचाने कापड घातलं. मग तिने माईकचा दांडा धरला.

"माझ्या भावाला पोलिसांनी नाही मारलं. या बगीचा सिंगने मारलं, आमच्या मोटरीच्या खोलीवर. मी त्याला बाहेर येताना पाहिलं."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, आणि त्या माना बघून तिला कळलं, यांना हे कधीचंच ठाऊक आहे. बगीचाचा चेहरा हलला नाही. "बीबीचं दुःख मोठं आहे," तो म्हणाला, "नुकतीच आई गेलीय. पाणी द्या कोणीतरी." आणि त्याने कीर्तन गाणाऱ्या रागीकडे पाहिलं.

रागीने हात वर करून जयकारा दिला, "बोले सो निहाल."

"सत श्री अकाल," अख्खा दरबार गरजला. जयकाऱ्याला उत्तर द्यायचंच असतं, लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं ते. त्या आवाजात गुरमेजचाही आवाज होता, माईकच्या सगळ्यात जवळचा. शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिच्या ते ध्यानात आलं.