खांद्यातली शिवण
आमच्या गल्लीत कुणाच्या घरात काय चाललंय, हे दोघांना हमखास ठाऊक असतं: मला आणि पडदेवाल्यांना. मला त्यासाठी चौकशा कराव्या लागतात. ते आपले शिडीवर चढून पडदे लावता लावता सगळं बघून येतात आणि वर साळसूदपणे म्हणतात, "मी कुठे डोकावतो हो? मी खिडक्या झाकतो."

दुकानात त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मशीनवर शिवायच्या, हे मापं घेऊन पडदे टांगायचे. जन्मभर डोक्याच्या वर हात करून काम केलं, तेव्हा उजव्या खांद्यात स्नायूला हाडाशी धरून ठेवणारी कंडरा झिजत झिजत एक दिवस फाटली. हात छातीच्या वर जाईना.

"आता काय, बायकोला शिडीवर चढवू?" त्यांनी मला विचारलं. जणू मी वहिनींना चंद्रावर धाडायला सांगत होतो.

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनच्या आधी नीट समजावलं. "काका, कंडरा मी हाडाला शिवणार. मग तुमचंच थोडं रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेट्सनी भरलेला पिवळसर भाग वेगळा काढणार आणि शिवणीवर सोडणार. जखम झाली की प्लेटलेट्स आधी धावून जातात. त्यांच्यामुळे शिवण भरून यायला मदत होऊ शकते. सगळ्यांना होतेच असं नाही, तेव्हा मी शब्द देत नाही."

यातलं शेवटचं वाक्य पडदेवाल्यांच्या कानाबाहेरच राहिलं. ऑपरेशन होऊन घरी आले ते हात गळ्यातल्या झोळीत आणि तोंड मोकळं. "माझंच रक्त, मलाच औषध!"

मी म्हटलं, "तुमचं रक्त मुळातच इतकं गरगरतं, यंत्राला काम काय उरलं?"

वहिनी शिवणीवरची नजर न काढता म्हणाल्या, "यंत्र बंद करता येतं."

आता यांची एक सवय. शिवण दोन्ही हातांत धरून हिसका मारल्याशिवाय पडदा दुकानाबाहेर जायचा नाही. उसवला तर इथेच उसवू दे, गिऱ्हाइकाकडे नको. तर एका दुपारी मी गप्पांना टेकलो होतो. वहिनी आत कापड कापत होत्या. यांनी गुपचूप झोळीतून हात काढला, टेबलाची कड पकडली आणि मी "अहो अहो" म्हणेपर्यंत दिला हिसका!

ओरडले ते गल्लीभर ऐकू गेलं. वहिनी धावत आल्या.

"काय केलंत?"

"शिवण... शिवण बघितली."

एरवी प्रत्येक शब्दाला दोन परत करणाऱ्या वहिनींनी तडक शटर ओढलं आणि त्या त्यांना घेऊन दवाखान्यात गेल्या. तेव्हा मीसुद्धा घाबरलो.

शिवण टिकली होती. सोनोग्राफी करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, कापडाची शिवण घातली की काम संपतं. इथे दोरा नुसता धरून बसतो, जोड शरीराने लावायचा. प्लेटलेट्स मदतीला येतील, पण वेळ तुम्हीच द्यायचा."

मग मात्र पडदेवाले उलट्या टोकाला गेले. व्यायामाची परवानगी मिळाली तरी हात अंगाला चिकटवून बसायचे. व्यायाम शिकवणारा मुलगा विनवून थकला. रक्ताचं कौतुकही थांबलं. कामं तर अडून होती. शेवटी वहिनीच शिडीवर चढल्या.

पहिलं काम समोरच्या घरातलं. तमाशा चुकवायला मी काय वेडा आहे? हे खालून "डावीकडे, जरा वर" करत होते आणि त्यांचं काही न ऐकता पडदा सरळ लागत होता. ते बघून त्यांचा चेहरा पडला.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "अहो, तो हूक द्या."

यांनी डावा हात पुढे केला.

"उजव्याने."

"फाटेल गं."

"डॉक्टर हलवा म्हणतात ना? द्या."

त्यांनी हूक उजव्या हातात घेतला. हात छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला, तिथे अडला. वहिनी वाट बघत राहिल्या. तो आणखी वर सरकला, पुरता त्यांच्या हातापर्यंत नाही, पण कानाच्या वर. मग त्या एक पायरी खाली उतरल्या आणि हूक घेतला.

"अजून जाईल वर," ते हळूच म्हणाले.

"जाईल. आज एवढा पुरे," वहिनी म्हणाल्या. "आता शिडी धरा, मी परत चढते."

त्यांनी धरली. दोन्ही हातांनी.