न आलेलं पाणी

मंडळी, अख्ख्या निजामाच्या मुलखात असा खुळा मी एकटाच हाय का, सांगा.

आज सकाळी मळ्यात मोट हाकत व्हतो. विहिरीत मोटेचं कातडं फाटलं, ते कुणालाच कळलं न्हाई. बैलांनी सवयीनं भरल्या मोटेचा जोर लावला, पण मोट हलकी, म्हणून धावेच्या उतारावरनं सुसाट उतरले अन् गुडघ्यावर आले. बैल शाबूत व्हते.

मोट रिकामी वर आली, तरी पाणी धबाधबा पडल्याचं मी ऐकलं. पाटाच्या टोकाला कारभारणीनं लुगडं घोट्यावर उचललं अन् ती म्हणाली, "आलं बगा, लई गार हाय!"

तिचे पाय कोरड्या मातीत व्हते. बैलांसारखंच आमा दोघांनाबी निस्त्या सवयीनं पाणी आल्यागत वाटलं.

मग तिच्याकडं नीट बघितलं. कानशिलावरचे केस पार पांढरे झालेत. रोज मी कुणाला बघत व्हतो?

तुमी घरच्यांकडं शेवटचं कधी बघितलं?