आईच्या शिव्या ऐकणारा बिबट्या

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मंचरला मेडिकल चालवते, एक्सपायरी वाचल्याशिवाय गोळी घशाखाली घालत नाही. पण माहेरी, पिंपरी पेंढारला जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही...

माझ्या धाकट्या भावाने, सागरने, जीव दिला. का, ते आजही माहीत नाही. त्याला विहिरीतून बाहेर काढायच्या आधीच चुलते बोलून मोकळे झाले — "बिबट्याला बिचकला, पाय घसरला." आमच्या जुन्नरात एवढं म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. दहाव्यापर्यंत गावाच्या तोंडी त्या बिबट्याला दोन बछडीपण झाली! दहाव्याला पुढारी माईकवरून पिंजरे मागून गेले. सागर कसा होता, यावर अवाक्षर नाही. माझं डोकं नुसतं फिरलं होतं.

आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिला खरं सांगू म्हटलं, तर चुलते अंगावर आले, "म्हातारीला मारायचंय का तुला?"

महिन्याभराने एका दुपारी तिला शोधत मळ्यात गेले. आई विहिरीजवळ उभी राहून शिव्या देत होती. "मुडद्या, चटणी-भाकर बांधली व्हती त्याला, तेवढी तरी खाऊ द्यायची... लहानपनी लई भ्यायचा रं, पदर सोडायचा न्हाई माझा..." बोलता बोलता ढसाढसा रडत होती.

आणि समोर, उसाच्या कडेला, बिबट्या बसला होता. खराखुरा. मान खाली. आईचं बोलून होईपर्यंत तो हलला नाही, मग उठून उसात शिरला.

मी फोन केल्यावर वनखात्याची माणसं आली. सकाळीच पाणी सोडलेलं, चिखल ओला होता. आईच्या चपलांचे ठसे होते. त्याचा एकही नव्हता.

संध्याकाळी मी धीर केला. "आई, सागरला बिबट्याने नाही गं..."

"मला म्हाईत न्हाई व्हय? आई हाय मी त्याची." तिने चुलीत लाकूड सारलं. "पन बिबट्याला शिव्या घातल्या की सागरचं नाव घ्याया मिळतं. तुमी घरात कुठं घेऊ देता?"

तो बिबट्या काय होता, मला अजून कळलेलं नाही. आई आजही मळ्यात जाते. घरात आम्ही इतकी माणसं... पण तिचं ऐकून घेणारं कोणी हवं, तर तिला तिकडेच जावं लागतं.