ओलिताची जमीन

गावाची जमीन सरकारी तलावात जायची ठरली, की पाण्याच्या आधी किस्से साचतात. देऊळघाटकडच्या आमच्या गावात तर तलावाची कुदळ पडण्याआधीच ते सांडव्यावरून वाहू लागले.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मोबदला ठरवायला पुण्याकडचे साहेब आले. मी बी.ए. झालेली, म्हणून कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. वाचलेलं ऐकायचं काम मात्र कोणीच घेतलं नव्हतं.

सगळ्यात जास्त धास्ती माझ्या विधवा चुलतीला, गोदाकाकूला. तिचं एकच शेत, त्यात विहीर. ओलिताचा, म्हणजे विहिरीवर भिजणाऱ्या जमिनीचा भाव लागला तर दुसरीकडे शेत घेता येणार. नाही तर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी.

*

तिचे थोरले दीर म्हणजे आमचे मोठेबाबा, गावचे पुढारी. शेतसारा कमी लागावा म्हणून प्रत्येक सरकारी माणसाला त्यांनी जन्मभर एकच वाक्य ऐकवलं होतं. साहेबांनी जमिनी कशा आहेत म्हणून विचारलं आणि सवयीनं तेच निघालं, "काय सांगू साहेब, कुसळंबी उगत नाही."

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"काऊन वं, पाय काऊन देऊन राह्यली?" त्यांनी साहेबांसमोरच विचारलं.

*

भाव ठरतो आसपासच्या खरेदीखतांवरून. आणि आमच्याकडे स्टॅम्प वाचवायला खतात किंमत निम्मीच लिहायची पद्धत! साहेबांनी मोठेबाबांचं खत पाहिलं. "इतक्या स्वस्तात कसं मिळालं?"

"विकणारा माणूस लय भला होता, साहेब."

विकणारा त्यांचा साडू. त्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच शेतावरून.

*

झाडांचे पैसे वेगळे मिळतात हे कळल्यावर या साडूनं आंब्याच्या फांद्याच आणून आपल्या उरलेल्या शेतात रोवल्या. मोजणीला उशीर झाला. साहेब आले तेव्हा सगळ्या वाळलेल्या.

"काय झालं झाडांना?"

"दुःख, साहेब. जमीन जाऊन राह्यली ना."

*

गोदाकाकूला विचारलं तेव्हा ती पदराआडून म्हणाली, "ओलिताची हाय जी."

साहेबांच्या पुण्यात याला बागायत म्हणतात. त्यांनी लिहिलं, "ओल धरणारी, पाणथळ. पिकास निरुपयोगी." मी ते वाचून दाखवलं, तर मोठेबाबा म्हणाले, "साहेबानं लिहेलं हाय. आता तोंड वाजवू नको."

मी तोंड नाही वाजवलं. अर्ज केला.

*

साहेब पुन्हा काकूच्या शेतात आले, सोबत मोठेबाबा. काकूनं मोट जुंपली. पाटाला पाणी सुटलं, वांग्यांच्या वाफ्यात शिरलं आणि साहेबांच्या बुटांतही.

"पाहा, पाणथळच आहे की," साहेब म्हणाले.

काकूनं बैल थांबवले. "मंग बसा जी झाडाखाली. बूट वाळल्यावर लिहा."

उन्हात बूट वाळले, वाफेही वाळले. साहेब विहिरीत डोकावले आणि त्यांनी 'पाणथळ' खोडलं. मग मोठेबाबांकडे वळले. "तुम्ही गावातले जाणते. तुम्हीच सांगा, जमीन कशी आहे?"

मोठेबाबांनी घसा खाकरला. "काय सांगू साहेब..."

मी पाटापलीकडे, लांब.

थोरल्या दिरासमोर जिचा पदर कधी ढळला नाही, त्या काकूनं चिखलानं माखलेला पाय उचलला आणि त्यांच्या पायावर ठेवला.

"...ओलिताची हाय," मोठेबाबा म्हणाले.